आपला उजवा, देवाचा उजवा

अप्पा, आज संध्याकाळी मुदत संपते. तोवर आम्हा सगळ्या वैमानिकांना कंपनीला कळवायचं आहे, कोण कुणाकडे राहणार ते. कळवायचं म्हणजे कुणापुढे जाऊन उभं राहायचं नाही की अर्ज लिहायचा नाही. लॅपटॉपवर एक पान उघडतं, त्यावर दोन गोल असतात, त्यातल्या एकावर टिचकी मारायची आणि खालचं बटण दाबायचं. बारीक अक्षरांत तळाशी लिहिलंय की एकदा दाबलं की बदलता येणार नाही. तुम्ही कॉम्प्युटर पाहिलात तो बँकेतल्या काचेपलीकडचा, तेव्हा हे तुम्हाला कसं समजावून सांगावं तेच मला कळत नाही. पण सध्या मला न कळणाऱ्या गोष्टींची रांगच लागली आहे, त्यात आणखी एक. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. आई आतल्या खोलीत आडवी झाली आहे. तुम्ही न पाहिलेली तुमची सून शाळेत शिकवते, ती अजून यायची आहे. सकाळी निघताना तिने विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "अप्पांना विचारतो." ती हसली, डबा उचलला आणि गेली. तिला चेष्टा वाटली. मी मात्र खरंच कागद घेऊन बसलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी सरकारी विमानशाळेत जेमतेम एकट्याने उडायला लागलो होतो. तिथे जागा मिळाली म्हणून, नाहीतर शिंप्याच्या पोराने विमानाचं नाव काढलं असतं तर चामराजपुरममधल्या आपल्या गल्लीत लोक पोट धरून हसले असते. पुढचं तुम्हाला माहीत नाही. आता मी कॅप्टन आहे, म्हणजे डावीकडच्या खुर्चीवर बसतो. विमान मोठं नाही, पंख्याचं आहे, सत्तरेक माणसं बसतात. हुबळी, मंगळूर, हैदराबाद, चेन्नई, आणि आठवड्यातून काही वेळा आपलं म्हैसूर. चेन्नईहून येताना हवा स्वच्छ असली तर खाली टी. नरसीपूरचा संगम दिसतो, आईच्या माहेरचा. एकदा मी तिला पुढच्या रांगेत बसवून आणलं आणि उतरल्यावर विचारलं, "दिसलं का गं घर?" ती म्हणाली, "घर कुठलं रे मगा, बाळा, मी डोळे मिटूनच होते." एवढ्या वर्षांत माझ्या विमानाबद्दल तिचं हे एकच मत आहे.

तर आमची कंपनी मोठी आहे. तिच्याकडे मोठी जेट विमानं आहेत, दिल्ली-मुंबई-परदेश करणारी, आणि आमच्यासारखी छोटीही आहेत. आता मालकांच्या मनात आलंय की छोट्या विमानांचा धंदा वेगळा काढायचा, त्याची स्वतंत्र कंपनी करायची, तिचं नाव वेगळं, शेअर वेगळे, साहेब वेगळे. हे सांगायला त्यांनी आम्हा सगळ्यांना पडद्यावर गोळा केलं. एक हसरे गृहस्थ चौकोन आणि बाण दाखवत होते. एका चौकोनातून दुसरा चौकोन बाहेर पडत होता आणि त्यात आम्ही होतो. ते दर दोन वाक्यांनी म्हणत, "तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही." शेवटी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या कॅप्टनने विचारलं, "काहीच बदलणार नसेल तर निवड कसली करायची आहे?" गृहस्थ आणखी गोड हसले आणि म्हणाले, प्रश्न फार छान आहे. आणि पुढचा चौकोन दाखवायला लागले. मी त्या सभेतून उठलो तेव्हा बसताना कळत होतं त्यापेक्षाही मला कमी कळत होतं. नंतर ते चौकोन मी दोनदा पुन्हा काढून पाहिले, तरीही तेच.

जे कळलं ते सांगतो. वैमानिकांचं सगळं नंबरावर चालतं, अप्पा. कोण कधी लागला त्यावरून नंबर पडतो आणि मग कॅप्टन कधी व्हायचं, कुठल्या गावाहून उडायचं, दिवाळीला घरी कोण आणि हवेत कोण, आणि धंदा बसला तर आधी कुणाला घरी पाठवायचं, हे सगळं त्या नंबरावर ठरतं. तुमच्या दुकानात नव्हतं का तसंच? सगळ्यात जुना माणूस खिडकीशी, उजेडात, कापायला. त्याच्या खालोखालचे त्याच्या शेजारी. आणि नवा आलेला भिंतीकडे, बल्बखाली, काजं-बटणं करायला. कितीही चांगला हात असो, खिडकी रिकामी होईपर्यंत भिंतीशीच. आता आम्हाला म्हणतात, नव्या कंपनीत याल तर खिडकी तुमची, नंबर तुमचा, डावी खुर्ची तुमची. पण ती कंपनी चालेल की बुडेल, की वर्षा-दोन वर्षांत कुणी विकत घेऊन विमानंच दुसरीकडे नेईल, याबद्दल कुणी ताकास तूर लावू देत नाही. आणि मोठ्या कंपनीत राहायचं असेल तर राहा, नोकरी पक्की, पण नंबर सगळ्यात शेवटचा, जेटचं प्रशिक्षण पहिल्यापासून, बसायचं उजव्या खुर्चीवर, आणि मुक्काम दिल्लीला. म्हणजे या वयात पुन्हा काजं-बटणं. गेलं की परत यायची वाट दोन्हीकडून बंद.

तुमची सून म्हणते, "दिल्लीला जायचं तर मी शाळा सोडीन, त्याचं मला काही वाटत नाही. पण तू त्या उजव्या खुर्चीवर बसून कुढत राहणार असशील तर मला तो पगारही नको." दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, "पण पक्की नोकरी ती पक्की नोकरी. पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय." मग शाळेच्या वह्या तपासायला घेते. तिचंही माझ्यासारखंच झालंय. आई दिल्लीला येणार नाही, तिने स्पष्ट सांगितलंय, "मी इथून हलणार नाही, बेड." तिचा तो कन्नड नकार आला की मराठीतलं बोलणं संपतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिवाय माझ्याबरोबर उडणारी एक पोरगी आहे, बेळगावची, उजव्या खुर्चीवरची. तिची कॅप्टन व्हायची वेळ आता जवळ आली आहे. परवा विमान उभं करून आम्ही कागद भरत होतो तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही जिकडं जाल तिकडं मी येणार बघा. तुम्हाला कळतंय काहीतरी, म्हणून." मी तिला म्हणायला पाहिजे होतं की बाई गं, मला ओ की ठो कळत नाही. मी नुसतं "बघू" म्हटलं. ती खूश झाली. माझ्या "बघू"मध्ये तिला काय ऐकू आलं देव जाणे.

अशा वेळी तुमची आठवण येणारच, कारण आपल्या घरात हे आधी एकदा झालेलं आहे. मी तेव्हा सातवीत होतो. तुमच्या दुकानाचे मालक दोघे भाऊ, थोरले कापड बघत, धाकटे शिलाई. त्यांचं पटेनासं झालं आणि धाकट्यांनी शिलाईखातं वेगळं काढून बन्नीमंटपाकडे नवी जागा घेतली. तुम्हा कारागिरांना विचारलं, येता की राहता. थोरल्यांनी राहिलेल्यांना कापड मोजायला आणि विकायला ठेवतो म्हणून सांगितलं होतं. बसून पगार, पण कात्री नाही. धाकट्यांकडे कात्री होती आणि बाकी कशाचा भरवसा नव्हता. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तुम्ही जेवताना बोलत नाही आणि आई तुमच्या ताटात न विचारता भात वाढते. एका रात्री मी मध्येच म्हणालो, "अप्पा, नवीन दुकान मोठं आहे, तिकडेच जाऊया." तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुला कुणी विचारलं? जेव." त्या एका "जेव"ने मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

नव्या दुकानाला दसऱ्याच्या मशाल कवायतीतल्या काही पथकांच्या कोटांचं काम मिळालं, ते पहिलंच वर्ष. तुम्ही मला बन्नीमंटपाच्या मैदानावर घेऊन गेलात. घोडे आले, मोटारसायकलवर माणसांचे मनोरे आले, मशाली फिरल्या, लोक ओरडत होते, मी उभा राहून टाळ्या पिटत होतो. आणि तुम्ही माझा खांदा धरून सारखे म्हणत होता, "पाठ बघ, पाठ. चालताना चुणी पडते का बघ." मला कसली चुणी? मला घोडे दिसत होते. परत येताना तुम्ही एवढे खुशीत होता की रस्त्यात मला दोनदा चुरमुरे-फुटाण्यांची कडलेपुरी घेऊन दिलीत, आधीची संपलेली नसताना. मी तुम्हाला तसं त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही फार नाही. त्या आठवणीमुळेच बहुतेक माझी अशी समजूत होती की तुमचा निर्णय बरोबर होता आणि तो तुम्ही अगदी शांतपणे, सगळ्या बाजू बघून घेतला होता. वडील तसाच निर्णय घेतात असं मला वाटायचं. आता माझ्या मुलीलाही माझ्याबद्दल तसंच वाटतं, आणि ते पाहून मला घाम फुटतो.

निर्णय घेतला त्या दिवसाचं मला आठवतं ते असं. सकाळ आहे, आंघोळी झाल्या आहेत, तुम्ही देवापुढे बसला आहात. आपला पितळी विठ्ठल, कमरेवर हात ठेवलेला. त्याच्या दोन्ही दंडांवर तुम्ही शेवंतीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवली आहे. कौल लावायची जुनी रीत, उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आई तुमच्या मागे उभी आहे, मी दाराशी. बाहेर दूधवाल्याची घंटी वाजते आणि कुणी हलत नाही. मग पाकळी पडते. तुम्ही म्हणता, "उजवी पडली. जातो." आणि उठता. बस्स, एवढंच. आई काही बोलली नाही. मला वाटलं, देवाने सांगितलं, अप्पांनी ऐकलं, प्रश्न मिटला. तेव्हापासून आपल्या घरात कौल तसाच लावला जातो आणि तसाच वाचला जातो. आत्याच्या ऑपरेशनला, माझ्या लग्नाला, सगळ्याला. बघणाऱ्याच्या उजव्या हाताची ती उजवी. मला कधी शंकासुद्धा आली नाही.

गेल्या एकादशीला आईने माझ्यासाठी कौल लावला. मी नको म्हणत होतो. एवढी मोठी कंपनी, वकिलांनी लिहिलेली पानं, आणि त्याचं उत्तर शेवंतीच्या पाकळीला विचारायचं? पण आई म्हणाली, "सुम्ने, गप बस की रे. विचारायला काय जातंय?" आणि खरं सांगतो, तोवर माझं डोकं इतकं भणभणलं होतं की कुणीही काही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. तिने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "पोराने नव्या कंपनीत जावं का रे विठ्ठला?" आम्ही तिघं बसलो. मी कॅप्टन, चार पट्ट्यांचा, पंखा बंद करून पितळी मूर्तीकडे टक लावून बसलेला. घाम गळत होता. मग आमच्या उजव्या हाताची पाकळी हळूच सुटली आणि समईशी पडली. आई म्हणाली, "आयतु! झालं. उजवी. जा तू." आणि माझ्या शेजारी बसलेली तुमची सून म्हणाली, "आई, ती तर देवाची डावी ना? आमच्या साताऱ्याकडे देवाचा उजवा धरतात. ही पडली म्हणजे नाही."

आईचा चेहरा पाहिला असतात तर तुम्ही घाबरला असता. मला वाटलं, आता सासू-सुनेचं जुंपणार. पण ती उठली, चुलीपाशी गेली, गार झालेली कॉफी पुन्हा गरम करायला ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "माझ्या माहेरीही देवाचाच उजवा धरायचे." मी म्हटलं, "मग आपल्याकडे?" ती म्हणाली, "आपल्याकडे काय, ह्यांनी धरला तो. त्या दुकानाच्या वेळी रे. त्या दिवशी देवाची डावी पडली. मी मागेच उभी होते, बघितलं की. हे म्हणाले, उजवी पडली. त्याआधी आपल्या घरात कौल लावला होता कुठं? मी म्हटलं, असेल बाबा, ह्यांच्या घरची रीत वेगळी असेल. नव्या सुनेने विचारलं असतं एकवेळ, तेरा वर्षांच्या संसारानंतर कसं विचारायचं, तुमचा उजवा कुठला म्हणून? मग मीही तसाच धरत आले." मी म्हटलं, "अगं, पण तेव्हाच सांगायचं नाही का? सगळं उलटं झालं असतं." तेव्हा तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "काय सांगायचं मगा? ते तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कौल लावताना कोण इस्त्रीचा शर्ट घालतंय? घरातली पूजा उघड्या अंगाने करायचे ते." मग तिने कॉफी पेल्यांत ओतली आणि तो विषय तिच्यापुरता संपला. पुन्हा कौल लावू का म्हटलं तर नाही म्हणाली, एकदा विचारलं की विचारलं.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, अप्पा. नव्या कंपनीमुळे नाही, तुमच्यामुळे. कारण डावं-उजवं हे तर माझं रोजचं काम. विमानात डावं इंजिन म्हणजे विमानाचं डावं. तुम्ही जमिनीवर त्याच्या तोंडासमोर उभे असाल तर ते तुमच्या उजव्या हाताला येतं, तरी त्याला डावंच म्हणायचं. शिकत असताना मी एकदा पाहणी करून आलो आणि उजव्या इंजिनाखाली तेल दिसतंय म्हणून सांगितलं. मेकॅनिक उजव्याखाली शोधत बसला, तेल डाव्याखाली. आमचे मास्तर मला म्हणाले, "तू कुठे उभा आहेस हे विमानाला कशाला कळायला पाहिजे? त्याच्या जागेवरून बघ." ते माझ्या डोक्यात इतकं बसलं की आता रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी मी आधी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. आणि असा मी, चाळीस वर्षं घरात देवाचा डावा उजवा म्हणून बघत आलो आणि मला एकदाही खटकलं नाही. हसू येतं आणि रागही येतो. तुमच्यावर येतो की माझ्यावर, ते नीट सांगता येत नाही.

तुमची चूक झाली का? होऊ शकते. तुमच्या घरी कौल कुणी शिकवला नसेल, आजोबा तुम्ही लहान असतानाच गेले. कापडावर तुमचा हात पक्का होता, पण बाकीच्या बाबतीत तुम्ही काही फार काटेकोर नव्हता. विमानशाळेत जाताना तुम्ही मला शिवून दिलेला पांढरा शर्ट आठवतो? वैमानिकाचा शर्ट तुम्ही कधी पाहिला नव्हता, म्हणून तो कवायतीच्या कोटावरून बेतला. खांद्यावरच्या फिती एवढ्या अरुंद झाल्या की माझी ती एकुलती एक पट्टी घसरून पाठीवर जायची. मी आतून टाचणी लावायचो आणि दर उड्डाणाला ती टोचायची. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तो शर्ट रस्त्यातल्या चार माणसांना दाखवून मग मला दिला होता. तेव्हा तुमच्या हातून चूक होतच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण शर्टाची चूक मला समजते. पाकळीची समजत नाही.

बरं, निकालावरून ठरवावं तर तेही जमत नाही. धाकट्या मालकांचं दुकान मी कॉलेजात जाईपर्यंत चाललं आणि मग एका सकाळी तुम्ही कामावर गेलात तेव्हा दाराला कुलूप होतं. त्यानंतर तुम्ही पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करत बसलात आणि मला तुमच्याकडे बघवत नसे. म्हणजे देवाचं ऐकायला हवं होतं. पण थोरल्यांकडे जे राहिले त्यांना दुकानातून त्याच्याही आधी काढलं होतं, तयार कपडे आल्यावर. त्यांना कवायतीची ती पाच-सात वर्षंही मिळाली नाहीत. म्हणजे तुमचं बरोबर होतं. मी हे दोन्ही इतक्यांदा उलटसुलट केलंय की आता मला काहीच सिद्ध करता येत नाही. मला माझ्या बाबतीत नेमकं तेच होईल अशी भीती वाटते. दिल्लीला गेलो तर नोकरी राहील आणि आई इथे एकटी राहील. न गेलो तर आई समोर राहील, डावी खुर्ची राहील, आणि एखाद्या सकाळी ती विमानंच जागेवर नसतील. तेव्हा माझ्या मुलीला मी काय दाखवू, पुढच्या खोलीत मी कुठलं मशीन टाकणार? वैमानिकाला घरी बसून करता येईल असं काहीही येत नाही.

आणि मग आईचं ते वाक्य आठवतं, इस्त्रीच्या शर्टाचं. मला तेवढंच विचारायचंय. तुम्ही कौल खरंच चुकून उलटा वाचला होता, की तुम्हाला काय पडायला हवं ते आधीच ठाऊक होतं? तुम्ही देवाला विचारायला बसला होता की नुसतं कळवायला? धाकट्या मालकांना तुम्ही आदल्या दिवशीच हो म्हणून आला होता का? तसं असेल तर पाकळ्या लावल्या कशाला? आईसाठी? माझ्यासाठी? की हो म्हटल्यावरच खरी भीती वाटायला लागली, म्हणून कुणाचा तरी हात धरावासा वाटला?

बाहेर फाटक वाजलं. तुमची सून आली. ती येऊन आधी पाणी पिईल, मग टेबलाशी उभी राहून विचारेल, काय म्हणाले अप्पा. मी हा कागद घडी घालून तांदळाच्या डब्यामागे ठेवणार आहे, तिला दाखवणार नाही. तिला मी सांगेन की अप्पा म्हणाले, जा, छोट्या विमानांबरोबरच जा. ती विचारील, आता दाबतोस का बटण? मग मला तिच्यासमोर लॅपटॉप उघडावा लागेल आणि तिला ते पान दिसेल. त्यावर आता दोन गोल नाहीत. धन्यवाद म्हणून लिहिलंय. सकाळी ती डबा घेऊन फाटकाबाहेर पडली आणि मी बटण दाबलं, अप्पा. त्यानंतर तुम्हाला विचारायला बसलो.